सर्वानुमते

आप्पा अंगणात आले तेव्हा सोनूबाई काजूच्या बिया वाळत घालत होती. सकाळपासून सड्यावर, वरच्या कातळमाळावर, वाकून वाकून कंबर धरलेली, बोटांच्या टोकांची सालं बियांच्या तेलानं गेलेली, आणि लुगड्याला बोंडांचा आंबूस वास. आप्पांना बघून तिनं डोक्यावरून पदर घेतला, पण खुर्ची आणायला उठली नाही. गुडघे लगेच सरळ होत नव्हते.

"सोनू, दोन फोटो लागतील तुझे. आणि आधार कार्डाची झेरॉक्स."

"परत? रेशनवाल्याला दिली की गेल्या महिन्यात."

"रेशनचं नाही गं. प्रतिष्ठानवर घेतोय तुला. विश्वस्त म्हणून."

पडवीत तिचा नवरा गंगाराम गवंडीकामाची करणी घासत बसला होता. त्याचा हात थांबला. "टरष्टी? ही?"

प्रतिष्ठान म्हणजे सड्यावरचा दवाखाना. गाव त्याला टरष्टच म्हणायचं. दोन खोल्या, एक ओटा, आठवडाभर नर्स आणि मंगळवारी-शुक्रवारी सावर्ड्याहून येणारा डॉक्टर. सातजणांच्या मंडळातले दोघे म्हातारे एका वर्षात गेले आणि दवाखान्याच्या भिंतीवर हार घालून लागले. त्यांच्या जागी एक मुंबईचा आणि एक गावातली बाई घ्यायची, असं ठरलं होतं. आप्पा प्रतिष्ठानचे अध्यक्ष. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली, शिवाय वाडीचे गावकर. देवळात वाडीच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच.

"आप्पानू, हिला गॅसवाल्याला फोन करायचा झाला तरी फोन माज्या हातात देते," गंगाराम म्हणाला. "ही काय बोलणार तितं?"

"म्हणूनच तर," आप्पा म्हणाले. "बोलणारे पुष्कळ झाले. सोनू गप असते, पण समजून असते."

सोनूबाईला ही स्तुती वाटली. सातवी झाल्यावर शाळा सुटली त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून कोणी मास्तर तिला शाबास म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बावीवर तिनं ही गोष्ट कमलाबाईला सांगितली. फाल्गुन लागला की वाडीतला नळ तीन दिवसांनी एकदा यायचा, बौद्धवाडीतला तर यायचाच बंद, आणि मग सगळ्यांना दवाखान्याच्या खालची ही जुनी बाव आठवायची. कातळात खोदलेली, बारा पायऱ्यांची. कमलाबाई बौद्धवाडीतली, सोनूबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिच्या घरात नवऱ्याचे, भिवाचे, गुडघे गेलेले, मुलगा प्रज्ञेश लोट्याला कंपनीत शिफ्टमध्ये, तेव्हा पाणी तिच्याच डोक्यावर. दोघी एकमेकींच्या शेतावर लावणीला जायच्या, काजूच्या दिवसांत सड्यावर बरोबर असायच्या, आणि बावीवर तर एकीशिवाय दुसरीचं चालायचंच नाही. भरलेला हंडा एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. एकीनं "हात दे गो" म्हणायचं आणि दुसरीनं उचलून चुंबळीवर ठेवायचा. मागे राहील तिनं आपला हंडा पायरीच्या धोंड्यावर ठेवून, खाली वाकून, डोकं त्याच्याखाली घालून उठायचं. ही पाळी आलटून पालटून.

"मंग आता दवाखान्यात तूच साहेब," कमलाबाई म्हणाली.

"गप गो बाय. थट्टा करू नको."

"थट्टा नाय. बरंच झालं. आमच्या वाडीतला कोन नाय तितं. तू हायस तर हाय कोनतरी." आणि लगेच, "हात दे."

सोनूबाईनं हंडा उचलून दिला. कमलाबाई दवाखान्याच्या मागच्या पायवाटेनं निघाली. आवारातून, आवळीच्या झाडाखालून, मग उतारावर. आठ मिनिटांत बौद्धवाडी. ती वाट दवाखान्याच्या आधीची होती. दवाखानाच तिच्यावर येऊन बसला होता.

*

त्या साली शिमगा नेहमीसारखा झाला. पालखी निघायच्या आधी आप्पा देवळापुढे नारळ घेऊन उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, आज सालाबादप्रमाणे ही तुजी लेकरं एक जाग्यावर मिळून..." आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला सगळी वाडी, मागे उभ्या बायकांसकट, "व्हय म्हाराजा!"

वाडीचे सगळे निर्णय असेच व्हायचे. बैठकीत तोंडं वाजवायची ती वाजवायची, पण शेवटी गाऱ्हाण्यात घातलं आणि सगळे व्हय म्हणाले तरच ते खरं. दोन वर्षांपूर्वी पालखी आधी कोणाच्या अंगणात न्यायची यावरून असंच गाऱ्हाणं चाललं होतं, आणि सोनूबाईचे चुलतसासरे गप राहिले. बोलले काहीच नाहीत. नुसते ओठ मिटून, काठीवर हनुवटी टेकून. चाळीस माणसांच्या आवाजातून एक आवाज कमी झाला तो आप्पांना बरोबर ऐकू आला. त्यांनी नारळ खाली ठेवला. "कोनतरी गप हाय," म्हणाले, आणि विषय बाजूला पडला. लोक दुपारपर्यंत पिंपळाखाली बसले, तोडगा निघाला, तेव्हाच नारळ फुटला. चुलतसासऱ्यांना एकदाही नाही म्हणावं लागलं नाही. देवापुढे नाही हा शब्द काढायचा नसतो. ज्याला नको असतं तो गप राहतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळायला हवं.

सोनूबाईला सभा म्हणून माहीत होती ती एवढी एकच.

*

प्रतिष्ठानची सभा रविवारी अकराला होती. तिनं भाचीच्या लग्नातली अबोली साडी नेसली. आरोहीनं, तिच्या मुलीनं, पिन लावून दिली आणि म्हणाली, "आई, खुर्चीत मागे टेकून बस. नाहीतर तू अशी कडेला बसतेस, कोणी ढकलल्यासारखी."

ती टेकून बसली. ह्या खोलीत ती आजवर इंजेक्शनापुरतीच आली होती. समोर आप्पा. बाजूला चिटणीस गुरुप्रसाद. मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त होऊन गावी परतलेला, इस्त्रीचा सदरा, पुढ्यात जाड वही. आणखी तीन जुने विश्वस्त, जे सभा सुरू होण्याआधीच घड्याळ बघत होते. आणि दुसरा नवा विश्वस्त, विनीत. बापाचं गाव हे, राहायला ठाण्याला. चाळिशीचा, हसरा, तिला "काकी" म्हणत होता. दवाखान्याला एक्स-रेचं मशीन देणार होता. दोघा नव्यांना शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. सोनूबाईनं पण वाजवल्या, मग लक्षात आलं की त्या आपल्यासाठी होत्या.

नर्स मृणाली चहाचा ट्रे घेऊन आली. सोनूबाई उठली. तिला कळायच्या आत उठली, ट्रे हातात घेतला, आप्पांपासून सुरुवात करून सगळ्यांना कप दिले. फिरून खुर्चीपाशी आली तेव्हा ट्रे रिकामा होता. सहाच कप होते. मृणालीनं डोळ्यांनी विचारलं, दुसरा आणू? सोनूबाईनं मान हलवली. नको. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे भुरके मारत होते.

गुरुप्रसाद वाचत गेला. त्याचा वाचण्याचा सूर चांगला होता, एकसारखा, गाऱ्हाण्यासारखाच. विषय क्रमांक दोन. मंजूर, मंजूर. विषय क्रमांक तीन. मंजूर. चौथा असा होता: "दवाखान्याच्या आवारातून होणारी अनधिकृत ये-जा, मोकाट गुरे व अस्वच्छता लक्षात घेता, आवारास चारही बाजूंनी चिऱ्याची भिंत घालून रस्त्याच्या बाजूस एकच फाटक ठेवण्यात यावे."

अनधिकृत ये-जा. ती त्या शब्दांवर अडली. कोण ये-जा करतं आवारातून? गुरं तर येतच नाहीत, वर काय खाणार, दगड? आणि मग तिच्या डोळ्यांपुढे आवळीचं झाड आलं, आणि त्याच्याखालून जाणारी हंडा घेतलेली पाठ.

"मशीन येतंय ना काकी," विनीत तिच्याकडेच बघून म्हणाला. "महागातलं असतं. सेफ्टी पाहिजे. बाकी काही नाही."

"मंजूर?" आप्पांनी विचारलं.

"मंजूर." "मंजूर." "हो, मंजूर."

सोनूबाईनं ओठ मिटले. इतके घट्ट मिटले की दात आतून टोचले. ती गप राहिली आणि सरळ आप्पांच्या डोळ्यांत बघत राहिली. आयुष्यात एवढ्या धीटपणे तिनं कोणाकडे बघितलं नव्हतं.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. परत घातला.

"पुढचा विषय," ते म्हणाले.

तिनं श्वास सोडला. आप्पांनी विषय ठेवला बाजूला. नारळ खाली ठेवावा तसा.

शेवटी हजेरीच्या वहीत सही केली, 'सोनूबाई' मधला बा जरा मोठा आला. त्याच संध्याकाळी बावीवर तिनं कमलाबाईला सगळं सांगितलं. "वाट बंद करायची म्हनत व्हते. भिंत घालून."

कमलाबाईची कळशी हातातच राहिली. "मंग?"

"मंग काय! मी व्हय म्हटलंच नाय. आप्पानी विषय बाजूला ठेवलान."

कमलाबाईनं कळशी पाण्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी येताना ती पदरात चवळीच्या कोवळ्या शेंगा घेऊन आली. भिवानं बसल्या जागी परसात लावलेल्या, घरच्या पाण्यावर. "वाडीत सांगितलंय मी," म्हणाली. "सोनू हाय तितं, घाबरू नका म्हणून."

त्या शेंगांची भाजी घरात सगळ्यांनी खाल्ली. गंगारामनं दुसऱ्यांदा मागून घेतली.

*

चैत्रात चिऱ्यांचा पहिला ट्रक सड्यावर चढला तेव्हा सोनूबाईला वाटलं, कोणाचं तरी घर असेल. रात्री जेवताना गंगाराम खुशीत होता. "पंधरा-वीस दिवसांचं काम गावलं. गावातल्या गावात."

"कुनाचं?"

"दवाखान्याची भिंत. गुरुप्रसाद स्वताहून आला. म्हनाला, वैनींनीच अनुमोदन दिलंय, तर काम आदी घरात नको काय द्यायला?"

तिच्या हातातला घास ताटात पडला. "मी? मी कदी दिलं?"

"ता मला काय म्हाईत. टरष्टी तू."

आरोहीच्या फोनवर प्रतिष्ठानच्या ग्रुपचा कागद आलेला होता. तिनंच आईचा नंबर नाही म्हणून आपला दिला होता, आणि महिनाभर तो उघडलाही नव्हता. तिनं वाचलं. "ठराव क्रमांक चार. सूचक, श्री. विनीत. अनुमोदक, सौ. सोनूबाई गंगाराम." ती थांबली.

"वाच ना पुडं."

"ठराव सर्वानुमते मंजूर."

"म्हंजी?"

"म्हणजे सगळे हो म्हणाले, आई."

सोनूबाईनं ताट तसंच उचलून न्हाणीत नेलं. नळाला पाणी नव्हतं हे तिला तोटी फिरवल्यावर आठवलं.

सकाळी ती गुरुप्रसादकडे गेली. तो झोपाळ्यावर पपई खात होता. त्यानं तिला बसायला सांगितलं, ती खांबाला धरून उभी राहिली.

"भाऊजी, त्या भितीला मी व्हय म्हटलं नव्हतं."

"तुम्ही काहीच म्हटलं नव्हतंत, वहिनी."

"तेच सांगतंय. मी गप व्हते."

"मग गप म्हणजे संमती." त्यानं पपईची बी तोंडातून काढून बशीत ठेवली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. वाईट हसला नाही, प्रेमानंच हसला, तेच तिला जास्त लागलं. "अहो, ते देवळातलं झालं. इथे विरोध असला तर तोंडानं सांगावं लागतं. मी तो लिहून घेतला असता."

"आनि माजं नाव कशाला घातलंत?"

"स्थानिक महिला अनुमोदक असली की कागदावर बरं दिसतं. वर पाठवायचे असतात हे कागद. उलट मान दिला तुम्हाला." आणि बायकोला हाक मारून, "अगं, वहिनींना पपई दे."

ती पपई घेऊन घरी आली. नको म्हणता आलं नाही. वाटेत आप्पांचं घर होतं. आप्पा ओटीवर पेपर वाचत होते. तिला बघून त्यांनी पेपर जरा वर धरला.

*

तिनं गंगारामला एकदा सांगून बघितलं. "ता काम सोडा."

"मी सोडलं तर सावर्ड्याचे गवंडी येतील. भित काय ऱ्हातेय?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. "काम बी गेलं आनि वाट बी गेली. त्यात कुनाचं भलं झालं, सांग."

ती भाकऱ्या थापायला वळली. आणि आठ दिवसांनी त्याच्या हाताखालचा गडी तापानं पडला तेव्हा तो म्हणाला, "दोन दिवस तू ये. माल कालवून दे." ती गप राहिली. घरात गप राहण्याचा अर्थ व्हय असाच होतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. फक्त हे ठाऊक असून ती दवाखान्यात कशी विसरली, एवढंच कळत नव्हतं.

ऊन कातळावरून उलटं तोंडावर येत होतं. भिंत तीन बाजूंनी उभी राहिली होती, चौथ्या बाजूला पायवाटेवर तेवढी खिंड बाकी. सोनूबाई घमेल्यात सिमेंट-वाळू कालवून आणत होती. चिऱ्याची लाल धूळ भुवयांवर, पापण्यांवर, दातांत. गंगाराम चिरा उचलायचा, दोरीला लावून बघायचा, करणीच्या दांड्यानं दोन ठोके द्यायचा. पहिला थर. दुसरा.

नऊच्या सुमाराला कमलाबाई रिकामा हंडा घेऊन आली. थर गुडघ्याइतके झाले होते. तिनं गंगारामकडे बघितलं, सोनूबाईकडे बघितलं. लुगडं जरा वर धरून एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि आवारातून पुढच्या फाटकाच्या बाजूनं बावीकडे गेली.

"घाई कर," गंगाराम म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता. "माल सुकतोय."

सोनूबाईनं माल दिला. त्यानं चिरा बसवला. तिला वाटलं, थांबा म्हणावं, ती परत येईपर्यंत थांबा. शब्द जिभेवर होता. पण गंगारामच्या बाहीवरून घाम टपटप गळत होता, आणि तिनं पुढचं घमेलं भरलं.

कमलाबाई भरला हंडा घेऊन आली तेव्हा भिंत कमरेइतकी झाली होती.

ती आली आणि थांबली. डोक्यावर हंडा, एक हात काठाला, मान ताठ. हंडा डोक्यावर असलेल्या बाईला मान खाली घालता येत नाही, बाजूला वळवता येत नाही. जे समोर आहे तेच बघावं लागतं. समोर सोनूबाई होती, घमेलं पोटाशी धरून, कोपरापर्यंत सिमेंट.

"कमळाबाय, हंडा माज्याकडं दे. हतून घेते. तू मंग..." सोनूबाईनं हात पुढे केले. ओल्या सिमेंटचे हात. तेच तिच्या लक्षात आलं, आणि ते तसेच हवेत राहिले.

कमलाबाईनं भिंतीकडे बघितलं. "टरष्टीनबाय," ती म्हणाली. अगदी हळू, थट्टेसारखंच. पण हसली नाही.

मग वळली. भिंतीच्या कडेकडेनं, काट्यातून, फाटकाबाहेर डांबरी रस्त्याला लागली. तो रस्ता शाळेवरून फिरून जातो. अर्धा तास. तिची पाठ बराच वेळ दिसत होती, कारण आता मध्ये झाड नव्हतं. आवळी भिंतीच्या रेषेत येत होती म्हणून परवाच तोडली होती.

गंगाराम ठोके द्यायचा थांबला होता. "जेवून घेऊया काय?" त्यानं विचारलं.

"तुमी जेवा."

*

पुढचे पंधरा दिवस सोनूबाई बावीवर वेळ चुकवून जायला लागली. तिची वाट भिंतीच्या अलीकडूनच होती, ती कोणी अडवली नव्हती. सकाळच्या ऐवजी ती टळटळीत दुपारी जायची. तळाशी वाटीवाटीनं पाणी भरावं लागायचं, पण कोणी भेटत नसे. एकदा बौद्धवाडीच्या चार बायका रस्त्यानं येताना दिसल्या तेव्हा ती काजूच्या झाडामागे उभी राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, रिकामी कळशी छातीशी धरून, लपाछपीत पोरानं उभं राहावं तशी. बायका गेल्या तरी बराच वेळ तिथून हलली नाही. मुंगळे पायावर चढले.

एका दुपारी तिनं ठरवलं. भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि लांबच्या रस्त्यानं बौद्धवाडीत गेली. शाळेच्या चढावर मांड्या भरून आल्या, मानेची शीर तटतटली, दोनदा थांबावं लागलं. कमलाबाईच्या अंगणात पोचली तेव्हा भिवा बाजेवर पाय शेकत बसला होता. त्यानं "ये गो सोनू," म्हटलं आणि आत हाक दिली.

कमलाबाई बाहेर आली. हंड्याकडे बघितलं. "ह्या कशाला?"

"तुला आनलं. रोज एक आनीन मी."

"सोनू," कमलाबाई म्हणाली, "तुज्या एका हंड्यानं वाडीचं भागत नाय. आनि तू रोज आनलंस तर मला रोज तुज्याकडं बगून बरं बोलावं लागंल. पान्यापेक्षा त्याचाच भार जास्ती." तिनं हंडा ओतून घेतला नाही. उलट वाकून एका बाजूनं धरला. "चल, उचलून देतंय. घरी ने."

तिनं उचलून दिला. सोनूबाई भरला हंडा घेऊन तोच चढ, तोच उतार परत आली. वाटेत प्रत्येक दारातून कोणीतरी बघत होतं, आणि एवढ्या टळटळीत उन्हात बौद्धवाडीतून पाणी बाहेर चाललेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

*

मे महिन्यात प्रतिष्ठानची दुसरी सभा लागली. एक्स-रेचं मशीन अजून आलं नव्हतं. विनीत आला नव्हता, टेबलावर उभ्या केलेल्या फोनमध्ये होता. सोनूबाई रोजच्या साडीत गेली. खुर्चीच्या कडेला बसली. चहा आला तेव्हा उठली नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

"विषय क्रमांक एक," गुरुप्रसादनं वही उघडली. "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे." आणि त्या एकसारख्या सुरात तो वाचत गेला. चौथ्या ठरावापाशी आला. "...सर्वानुमते मंजूर."

"नाय."

आवाज इतका लहान होता की त्याला फोनमधून आल्यासारखा वाटला. "विनीत, काही म्हणालात?"

"मी म्हनाले." ती उभी राहिली होती. उभं राहायचं नसतं हे तिला माहीत नव्हतं. "ता खोटं लिवलंय. मी व्हय म्हटलं नव्हतं. आनि अनुमोदन का काय ता, ता बी दिलं नव्हतं."

"वहिनी, आपलं बोलणं झालं ना यावर? आणि आता भिंत उभी आहे."

"भित म्हाईत हाय मला. मीच माल कालवला तिचा." एक जुना विश्वस्त खोकला. "मी कागदाचं बोलतंय. ह्यो कागद वर जानार. तितं कोन वाचील तो म्हनंल, सोनूबाईनं वाट बंद केली."

"काकी, ॲक्च्युअली," फोन म्हणाला, "त्या वेळी तुम्ही ऑब्जेक्ट केलं असतं तर..."

सोनूबाईनं फोनकडे बघितलं नाही. ती आप्पांकडे वळली. बोलायचं ठरवून आली होती त्यातलं बरंच विसरली होती, एकच वाक्य उरलं होतं.

"आप्पानू, देवळात मी गप ऱ्हायले असते तर तुमी नारळ फोडला असतात?"

आप्पांनी चष्म्याकडे हात नेला, पण काढला नाही. त्यांच्या गळ्याची हाडं सदऱ्यातून दिसत होती. किती म्हातारे झाले, तिला वाटलं, मास्तर म्हणून वर्गात यायचे तेव्हा बाकं थरथरायची.

"नसता फोडला," ते म्हणाले.

मग टेबलाकडे बघत, "मला ऐकू आलं होतं, सोनू. तू गप राहिलीस ते. मशीन हातचं जाईल म्हणून मी पुढं गेलो." आणि गुरुप्रसादला, "खोड ते."

"अहो पण आप्पा, अशी खाडाखोड..."

"खोड म्हणतो ना. सर्वानुमते खोड. बहुमताने लिही. अनुमोदक खोड. माझं नाव घाल."

गुरुप्रसादनं पट्टी लावून नीट खोडलं, वर लिहिलं, समासात आप्पांची सही घेतली. तिच्यापुढे वही सरकवली. तिनंही सही केली. या वेळी बा बरोबर आला. जिंकल्यासारखं वाटेल अशी तिची कल्पना होती. पण आप्पा टेबलाच्या कडेवरचा चहाचा डाग बोटानं पुसत होते, पुसला गेला तरी पुसत होते, आणि ते बघवेना. आपल्यामुळे मास्तरांना चारचौघांत असं व्हावं, याची तिला आणखी एक लाज वाटली.

"आनि वाट?" तिनं विचारलं. "भितीत एक बेडं सोडलं तर? मानूस जाईल एवडं."

"ते आजच्या विषयपत्रिकेवर नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "पुढच्या सभेत घेऊ."

"कदी?"

"ऑगस्टमध्ये."

ऑगस्टात बाव काठोकाठ भरलेली असते आणि तिच्याकडे कुत्रं फिरकत नाही. दारातल्या पन्हळीचं पाणी लोक नको नको म्हणत असतात. "घ्या," ती म्हणाली. "लिवून घ्या. मी इचारनार."

गुरुप्रसादनं लिहून घेतलं.

*

ती घरी गेली नाही. उतारावरून थेट बावीवर आली. ऊन कलायला लागलं होतं. कमलाबाई शेवटच्या पायरीवर बसून वाटीनं हंडा भरत होती. बाजूला प्लास्टिकची कळशी. पावलांचा आवाज ऐकून तिनं वर बघितलं, आणि परत वाटी पाण्यात घातली.

सोनूबाई चार पायऱ्या वरच थांबली.

"आज सभा व्हती," ती म्हणाली.

वाटी. हंडा. वाटी.

"मी नाय म्हटलं. तोंडानं. आप्पानी माजं नाव खोडलानी कागदावरनं."

"बरं." कमलाबाईनं पाणी ओतलं. "आनि वाट?"

"वाट नाय. आगस्टात बगू म्हनतात."

"आगस्टात." कमलाबाईच्या तोंडून हसू आलं, कोरडं, नाकातून. "तवा आमी व्हडीतनं येऊ."

सोनूबाई हसली नाही. हसण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. ती तिथंच उभी राहिली. हंडा भरला. कमलाबाईनं वाटी कळशीत टाकली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि हंडा दोन्ही हातांनी पायरीच्या धोंड्यापर्यंत ओढत आणला, एकटीनं उठायचं तसा. खाली वाकली. डोकं हंड्याखाली घातलं. गुडघे थरथरले. हंडा कलला, पाणी हिंदकळून तिच्या मानेवरून पाठीत गेलं, आणि ती धोंड्याला धरून तशीच बसली.

सोनूबाईचा पाय खालच्या पायरीवर आला आणि थांबला. मागच्या वेळी न विचारता नेलेला हंडा तिला आठवत होता.

बाव गार होती. वर कुठेतरी गंगारामची करणी वाजत होती. भिंतीच्या माथ्यावर तो काचा बसवत होता.

"काय बगतंस गो उबी ऱ्हावून," कमलाबाई पाठमोरीच म्हणाली. "हात दे."